काळ्या पाषाणाचं कवच किल्लारीत कुठे होतं?

नात्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. पृथ्वीच्या कवचाखाली सगळीकडे उकळता लाव्हा आहे, तो उसळला की भूकंप होतो. महाराष्ट्राखाली काळ्या पाषाणाचा जाड थर आहे म्हणून आपल्याला भीती नाही. १९९३ च्या भूकंपावेळी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीत जमिनीखाली ज्वालामुखी जागा झाला होता. आणि पुढच्या भूकंपाची तारीख शास्त्रज्ञ लपवून ठेवतात, असं त्यात म्हटलंय. लातूर-धाराशिवकडची माणसंही तो पुढे ढकलतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आधी लाव्ह्याचं. कवचाखालचं प्रावरण सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जातं आणि ते घन खडकाचं आहे. तापलेलं आहे, अतिशय संथपणे सरकतंही, पण तो रसाचा समुद्र नव्हे. हे भूकंपांनीच दाखवून दिलं. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत. त्या प्रावरणातून जातात आणि बाह्य गाभ्याशी अडतात. वितळलेला थर तिथे आहे, लोखंड आणि निकेलचा.

काळ्या पाषाणाचा दावा मात्र जिवावर बेतणारा आहे. हा बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचे थर. भूकंपानंतर किल्लारीजवळ खोल छिद्र घेतलं, तेव्हा सुमारे ३४० मीटरवरच बेसॉल्ट संपला. भूकंपाचं मूळ त्याच्या कितीतरी खाली, काही किलोमीटर खोल, जुन्या खडकात होतं. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाला रेटतोय. तो ताण हिमालयापुरता राहत नाही, पट्टाच्या पोटातल्या जुन्या भेगांतही साठतो. कोयनेला तर बेसॉल्ट जवळपास किलोमीटरभर जाड. तरी ११ डिसेंबर १९६७ ला तिथे मोठा भूकंप झालाच. १९९३ पर्यंत जाणकारांचाही अंदाज चुकला होता, हे कबूल करायला हवं. भूकंपाच्या धोक्याच्या तेव्हाच्या नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती. २००२ च्या नकाशात हा भाग तिसऱ्या पट्ट्यात गेला.

ज्वालामुखीची शंका लोकांना का आली, ते मी समजू शकतो. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, तिथे लहान धक्के बसत होते, आणि भूकंप उथळ असला की जमिनीतून गडगडाट ऐकू येतो. पण ज्या लाव्ह्याचा हा खडक झाला तो केव्हाच थंड झालाय.

तारखेचं म्हणाल, तर भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगण्याची विद्या आज जगात कुणाकडेही नाही.

माणसं मेली ती घरांखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती विसर्जन आटोपून गावं झोपली होती. साडेसात हजारांहून अधिक जीव गेले. भिंती दोन-अडीच फुटी, पण दगडांचे दोन पदर वेगवेगळे, मध्ये माती आणि कपच्या, दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं मातीचे थर चढवून जड झालेलं. धक्का बसताच पदर सुटले आणि माळवद खाली आलं. मराठवाड्यात अशी जुनी घरं अजून उभी आहेत, त्यांत माणसं राहतात. तो मजकूर त्यांना सांगतोय की काळजी करू नका. त्यांनी गवंड्याला बोलावून भिंतीत आरपार दगड घालून घ्यावेत, माळवदावरची जास्तीची माती उतरवावी.