अप्पांना बरं नाहीये

कुत्रा आजारी पडला की कोपऱ्यात जाऊन पडतो, मांजर आजारी पडलं की पलंगाखाली गायब होतं आणि माणूस आजारी पडला की शेजारच्या घरापर्यंत कळेल असं कण्हतो. ॲक्सोलॉटल नावाचा पाण्यातला प्राणी आजारी पडला की हसतो. म्हणजे बरा असतो तेव्हाही हसतच असतो, भूक लागली तरी हसतो, तोंडाची ठेवणच तशी आहे त्याला तो तरी काय करणार. पापण्या नाहीत, त्यामुळे झोपलाय की जागा आहे की कायमचा गेलाय हे कळायला मार्ग नाही. आवाज नाही. भुवया नाहीत. अशा प्राण्याची सेवा करायची म्हणजे काय हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

आमच्याकडच्याचं नाव अप्पा. फिकट गुलाबी अंग, वीतभर लांबी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन तीन झुपकेदार कल्ले, आणि काचेपलीकडून आपल्याकडे असं बघणार की आपण आत्ताच काहीतरी मूर्खासारखं बोललो आणि त्यांनी मोठ्या मनाने ते सोडून दिलं. त्यामुळे घरात सगळे त्यांना अहोजाहो करतात. "अप्पा जेवले का?" "अप्पांच्या अंगावर उन्हाची तिरीप येतेय, पडदा ओढ." वगैरे.

तर उकाडा सुरू झाला. अप्पांना पाणी १६ ते १८ डिग्री लागतं, विशीच्या वर गेलं की त्यांची तब्येत कुरकुरायला लागते आणि २४ च्या पुढे तर धोकाच. पाणी गार करायचं मशीन मिळतं पण त्याची किंमत ऐकून बाबांचं पाणी गार झालं, म्हणून घरातला एकुलता एक टेबलफॅन टँकच्या काठावर लागला, पाण्यावरून वारा गेला की बाष्पीभवन होऊन एकदोन डिग्री उतरतात हे खरंय, मी मोजलंय. दिवसभर फ्रीजरमधून बर्फाच्या बाटल्या काढायच्या, टँकमध्ये तरंगवायच्या, वितळल्या की परत फ्रीजरमध्ये, आणि आम्ही बाकीचे वर्तमानपत्राने वारा घेत बसलेलो. बाबा एकदा म्हणाले की मीही विशीच्या वर कुरकुरतो, पण त्यांना कल्ले नसल्यामुळे कोणी मनावर घेतलं नाही.

एवढं करूनही एक दिवस अप्पांनी गांडूळ नाकारलं. हे साधं नाही बरं का. अप्पा चावून खात नाहीत, तोंड उघडतात आणि समोरचं सगळं पाण्यासकट आत ओढतात, गांडूळ तर गांडूळ, चिमट्याचं टोक तर चिमट्याचं टोक, तिथे त्यांना आवडनिवड हा प्रकारच नाही. त्या दिवशी त्यांनी गांडुळाकडे पाहिलं, हसले, आणि मान फिरवली. शेपटीचं टोक वळलेलं होतं. कल्ले पुढच्या बाजूला झुकलेले. आणि संध्याकाळी बघते तर अप्पा तळावर नाहीतच, वर तरंगतायत, तेही तिरके, पोट एका बाजूला उचललेलं, आणि एका कल्ल्यावर कापूस चिकटल्यासारखं पांढरं काहीतरी. चेहऱ्यावर अर्थातच तेच प्रसन्न हास्य.

आता गंमत ऐका. या प्राण्याचा पाय तुटला तर नवा पाय येतो, हाडं, स्नायू, बोटं सगळं जिथल्या तिथे. शेपूट गेली तर शेपूट येते. मज्जारज्जू जोडली जाते, हृदयाचा तुकडा परत भरून येतो, मेंदूचासुद्धा काही भाग. जगभरच्या प्रयोगशाळा यांच्यामागे लागल्यात ते उगाच नाही. २०१८ साली यांचा पूर्ण जीनोम, म्हणजे पेशीत लिहिलेली सगळी जनुकीय माहिती, वाचला तेव्हा ३२ अब्ज अक्षरं निघाली, माणसाच्या साधारण दहापट. म्हणजे निसर्गाने माझ्या दसपट मजकूर लिहून हा प्राणी बनवला आणि त्या एवढ्या मजकुरात कुठेही पोट साफ कसं ठेवावं याची ओळ नाही. कारण पुढे निघालं ते हेच, अप्पांना बद्धकोष्ठ झालं होतं.

पण ते कळेपर्यंत आधी डॉक्टर शोधायचा होता. एका दवाखान्यात फोन केला.

"कुत्रा की मांजर?"

"ॲक्सोलॉटल."

"ब्रीड नको मॅडम, प्राणी सांगा."

"तोच प्राणी आहे. पाण्यात असतो."

"मासा?"

"नाही, बेडकाच्या नात्यातला, सॅलॅमँडर म्हणतात तसा."

थोडा वेळ शांतता. मग, "रेबीजचं इंजेक्शन झालंय का?"

मी म्हटलं नाही. ती म्हणाली मग ते आधी करून घ्या. यात तिची काही चूक नाही, तिच्यासमोरच्या फॉर्ममध्ये तेवढेच रकाने असणार. अशी बरीच फोनाफोनी झाल्यावर शेवटी एक डॉक्टर मिळाल्या ज्यांना ॲक्सोलॉटल म्हणजे काय ते माहीत होतं, आणि त्यांनी पहिला प्रश्न अप्पांबद्दल विचारलाच नाही. त्या म्हणाल्या, पाण्याचे आकडे काय आहेत?

या प्राण्याच्या आजारपणात खरा पेशंट पाणी असतो. अप्पांना हात लावायचा नाही (कातडी नाजूक), गोळी द्यायची नाही, जबरदस्तीने भरवायचं नाही, कपाळावर पट्टी ठेवायला कपाळ नाही. पाणी मात्र रोज तपासायचं. अप्पांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो, फिल्टरमधले बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, पहिले दोन शून्य पाहिजेत आणि तिसरं थोडं चालतं. हे समजायला सोपं आहे. अवघड आहे ते रंग बघणं. टेस्ट ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं, थांबायचं आणि मग कार्डावरच्या रंगाशी ताडून बघायचं, अमोनियाला पिवळा म्हणजे शून्य आणि हिरवट दिसला की घात.

मी म्हटलं पिवळा आहे. आई म्हणाली पोपटी. बाबांनी चष्मा लावून, काढून, खिडकीशी नेऊन पाहिलं आणि म्हणाले "लिंबू कलर", जो कार्डावर नाहीच. मग ट्यूबलाइटखाली, मग मोबाईलच्या टॉर्चमध्ये, मग शेजारच्या काकूंना बोलावलं कारण त्यांना साड्यांमधले रंग कळतात, त्यांनी एक नजर टाकली आणि "पिस्ता" म्हणून निघून गेल्या. घरात एवढं एकमत तर टीव्ही घेतानाही झालं नव्हतं, म्हणजे अजिबातच नव्हतं. शेवटी शंकेचा फायदा पाण्याला न देता रोज थोडं थोडं पाणी बदलायचं ठरलं. नायट्रेटची बाटली तर जोरजोरात हलवावी लागते, नाहीतर तळाशी बसलेलं नीट मिसळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो, तेवढ्या दिवसांत माझा एक दंड दुसऱ्यापेक्षा नक्की जाड झालाय.

डॉक्टरांनी दुसरं विचारलं, टँकमध्ये बारीक खडे आहेत का? कारण हे महाशय तोंडात मावेल ते आत ओढतात आणि खडा अडकला की प्रकरण गंभीर. आमचा तळ मोकळाच होता, ते एक बरं. मग उपाय दोन सांगितले. कल्ल्यावरच्या बुरशीला मिठाच्या पाण्यात आंघोळ, दहा मिनिटं, पंधराच्या वर अजिबात नाही. आणि पोटासाठी थंडावा. "किती थंड?" मी विचारलं. "फ्रिजमध्ये ठेवा," त्या म्हणाल्या. मला वाटलं औषध फ्रिजमध्ये ठेवायचंय.

मिठाचं आधी सांगते. मीठ बिनआयोडीनचं लागतं, लिटरला दोनतीन छोटे चमचे, आणि ते शोधताना मी आईला अप्पांच्या घराण्याचा इतिहास सांगायची काही गरज नव्हती पण सांगितला. १८६४ साली मेक्सिकोतून ३४ ॲक्सोलॉटल पॅरिसला नेले, आज जगभर टँकमध्ये बसलेल्या बऱ्याच जणांची वंशावळ तिथे जाऊन पोचते. हे लोक जन्मभर पोरवयातच राहतात, कल्ले तसेच, पाण्यातच मुक्काम, पोरंबाळंसुद्धा त्याच अवस्थेत होतात. पण पॅरिसमध्ये त्यांची पिल्लं वाढली आणि त्यातल्या काहींचे एकदम कल्ले गळाले, कातडी बदलली, आणि ते जमिनीवर चालणारे सॅलॅमँडर झाले. तिथले प्रोफेसर बघतच राहिले. पुढे कळलं की हा थायरॉइडचा खेळ आहे आणि थायरॉइडला आयोडीन लागतं. दहा मिनिटांच्या आंघोळीने असलं काही होत नाही हे मी दहादा सांगितलं, पण आईने ऐकलं ते एवढंच की मीठ चुकलं तर अप्पा उठून चालायला लागतील. त्यानंतर ती प्रत्येक पुडक्यावरचं बारीक अक्षर भिंगातून वाचायला लागली.

मिठाच्या पाण्यात अप्पांना घातलं तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मत व्यक्त केलं. अशी उसळी मारली की पाणी माझ्या चष्म्यावर. तरी हसत होते. दहा मिनिटं घड्याळ लावून मी समोर बसायची आणि दर मिनिटाला सॉरी म्हणायची. काही जाणकार मिठाऐवजी चहाच्या पाण्यात आंघोळ घालतात, कोरा काळा चहा, त्यातल्या टॅनिनने कातडीला आराम पडतो म्हणे आणि मिठापेक्षा सौम्य. मला तो प्रकार जास्त पटला, पण त्या दिवशी बाबा स्वयंपाकघरात आले, ओट्यावर गार होत ठेवलेला कोरा चहा बघून म्हणाले "आज साखर विसरलीस", आणि पिऊन टाकला. म्हणून मीठच चालू ठेवलं.

बाबांचं आणि अप्पांचं आधी विशेष जमायचं नाही. बाबांच्या मते जो प्राणी हाक मारल्यावर येत नाही तो फर्निचर. मग मी त्यांना दाखवलं की मेक्सिकोच्या ५० पेसोच्या नोटेवर ॲक्सोलॉटल आहे, २०२१ मध्ये निघाली ती नोट. "नोटेवर?" बाबा उठून टँकजवळ गेले. "खऱ्या नोटेवर?" तेव्हापासून ते जाता येता काचेसमोर जरा थांबतात. आणि त्यातच मी पुढचं सांगितलं, की मेक्सिको सिटीजवळच्या सोचिमिल्कोच्या कालव्यांमध्ये, जिथले हे मूळचे, तिथे १९९८ साली एका चौरस किलोमीटरला सुमारे ६००० सापडायचे आणि २०१४ मध्ये ३६. त्या रात्री बाबा दोनदा उठून टँकवर टॉर्च मारून आले. मीही उठलेच होते, आम्ही दोघं अंधारात एकमेकांवर आपटलो.

आता फ्रिज. ५ ते ८ डिग्री, झाकणाला भोकं पाडलेला डबा, क्लोरीन काढलेलं पाणी, आणि ते पाणी रोज पूर्ण बदलायचं, बदलायचं पाणीसुद्धा आधीच तेवढंच गार पाहिजे. एकदम उचलून आत ठेवायचं नाही, हळूहळू गार करत न्यायचं. थंडीत यांच्या शरीराचा सगळा कारभार मंदावतो, बुरशीही मंदावते, आणि पाळणारे सांगतात की पोटही मोकळं होतं. सगळ्यांना हा उपाय मान्य नाही, काहींच्या मते त्याने प्राण्यावर उलट ताण येतो, आणि मला विचाराल तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कोणी आपल्या मनाने करू नये. ताण माझ्यावर आला हे मात्र मी स्वतः सांगू शकते.

डबा आईचा. मोठा, पक्क्या झाकणाचा, तिचा लाडका. झाकणाला भोकं पाडताना ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. मधला कप्पा रिकामा करून अप्पांना दिला, भाजी खाली, दूध दारात. डब्यावर चिठ्ठी: "उघडू नये, आत अप्पा आहेत." बाजूला बाटल्या, त्यावर चिठ्ठी: "अप्पांचं पाणी, पिऊ नये." बाबांनी प्यायलं. वर म्हणाले की आपल्या पाण्यापेक्षा हे चांगलं लागतं, आपल्यालाही हेच का नाही.

घरात बोलणी अशी व्हायला लागली की बाहेरच्याने ऐकली तर पोलीस येतील. "दार पटकन लाव, अप्पांना उजेड लागतो." "अप्पांना जरा मागे सरकव, मला लोणी काढायचंय." आत्या आली होती, तिला काही सांगितलेलं नव्हतं, ती गार पाणी घ्यायला उठली, फ्रिज उघडला, चिठ्ठी वाचली, हळूच दार लावलं आणि येऊन बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग आईला विचारलं, "वहिनी, अप्पा म्हणजे कोण गं? आपले अप्पा तर गेले ना मागेच?"

आणि मग झालं. सकाळी पाणी बदलायला डबा काढला तर तळाशी ते होतं. मी ओरडले. आई धावत आली, बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून आले, आम्ही तिघं त्या डब्यात डोकं घालून उभे. बाबा म्हणाले "भरपूर आहे", आणि त्यांच्या आवाजात असा अभिमान होता जो माझ्या दहावीच्या निकालाला नव्हता. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी लगेच अंगठा दाखवला. घरच्या ग्रुपवरही चुकून गेला. आत्याने अभिनंदन असं लिहिलं, मग बहुतेक नीट बघितलं, मग पुसून टाकलं.

अप्पा हळूहळू गरम करत करत टँकमध्ये परतले, तळावर बसले, सरळ बसले, कल्ले मागे, शेपूट सुटलेली. पुढे एका संध्याकाळी गांडूळ पुढे धरलं तर पहिल्या झटक्यात चिमटा ओढला आणि दुसऱ्यात गांडूळ. चेहऱ्यावर काडीचा फरक नाही. इतके दिवस तोच चेहरा बघून मी रडले होते.

तो डबा आता घासून, उकळत्या पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून ओट्यावर पडलाय. मी आईला म्हटलं टाकून देते, तुला नवा आणते. ती म्हणाली मला तो स्वयंपाकघरात नको. मग टाकते ना, म्हटलं. तर म्हणाली टाकू नकोस, चांगला डबा आहे, आणि त्यांचं परत अडलं तर? शेवटी बाबांनी तो नेऊन स्वतःच्या कपाटात ठेवला, शर्टांच्या वरच्या फळीवर, चिठ्ठीसकट.