स्विचला सगळं कळतं, तरी तो विचारत नाही

नेटवर्क स्विचच्या ट्रंक पोर्टवर, म्हणजे पुढच्या स्विचकडे जाणाऱ्या अपलिंकवर, १०, २० आणि ९९ नंबरचे व्हीलॅन, म्हणजे एकाच तारेवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं, चालू आहेत. त्यात कॅमेऱ्यांसाठी ३० नंबरचा नवा सोडायचाय. हातातून सहज काय उतरतं? ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. एंटर. खलास! ३० आत आला आणि बाकीचे तिन्ही बाहेर गेले. कारण ही कमांड यादीत भर घालतच नाही, जुनी यादी पुसून नवी लावते. भर घालायची तर आकड्याच्या आधी ‘अ‍ॅड’ लिहावं लागतं. तेवढं राहिलं की ऑफिसचे पीसी गेले, फोन गेले, आणि ९९ मॅनेजमेंटचा, म्हणजे खुद्द स्विचपर्यंत पोचायचा, असेल तर लांबून काम करणारा स्वतःही बाहेर फेकला गेला. पुटीची, म्हणजे लांबून स्विचवर कमांड द्यायच्या प्रोग्रॅमची, खिडकी थिजते. दुरुस्त करायची वाटच बंद. आता कन्सोल केबल घ्या, गाडी काढा आणि जा साइटवर.

ही सिस्कोची कमांड, या धंद्यातल्या प्रत्येकाला ती पाठ आहे. आणि संताप याचाच आहे की पाठ करावी लागते! रीलोड म्हटलं की हाच स्विच ‘कन्फर्म?’ विचारतो. फ्लॅशमधली एक फालतू फाइल पुसायला गेलं तरी विचारतो. पण चालू ट्रॅफिक वाहणारे तीन व्हीलॅन एका झटक्यात तोडताना एक ओळ छापत नाही. माझं सेशन ९९ वरून आलंय हे त्याला माहीत आहे. ९९ आता त्या पोर्टवरून तुटणार हेही माहीत आहे. ज्या फांदीवर माणूस बसलाय तीच तो तोडतोय हे समोर दिसतंय, आणि यंत्र गप्प!

त्याचं बिल कोणावर फाटतं? चाकणच्या एका कारखान्यात आमच्याच टीममधल्या पोरावर फाटलं. तिसरी पाळी चालू होती. बायोमेट्रिक बंद, डिस्पॅचला ई-वे बिल निघेना, गेटवर भरलेल्या गाड्यांची रांग. प्लांट हेडने सगळ्यांसमोर त्या पोराला झाडलं, सकाळी हातात मेमो. स्विच बनवणाऱ्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. वर आमचेच सीनियर म्हणाले, ‘बेसिक आहे रे हे.’ काय बेसिक आहे? नेटवर्किंगच्या क्लासमध्ये हा सापळा ‘इंटरव्ह्यूला हमखास येतो’ म्हणून घोकून घेतात. एका कंपनीने कमांड वाईट बनवली, ती आपण पोरांची लायकी मोजायची पट्टी करून टाकली. लाज वाटायला हवी.

आणि उपाय माहीत नाही असं थोडंच आहे? ज्युनिपर कंपनीच्या स्विचवर ‘कमिट कन्फर्म्ड’ आहे. बदल लागू होतो, १० मिनिटांत तुम्ही पुन्हा पक्का केला नाही तर आपोआप मागे फिरतो. मायक्रोटिकसारख्या स्वस्त राउटरवरसुद्धा सेफ मोड आहे: कंट्रोल-एक्स दाबून काम सुरू करा, कनेक्शन तुटलं की त्यानंतरचे बदल रद्द. आमच्या या महागड्या स्विचांवर मात्र जुनी मंडळी काय शिकवतात? कामाआधी ‘रीलोड इन १०’ मारून ठेव. म्हणजे अडकलास तर सेव्ह न केलेली कॉन्फिग टाकून अख्खा स्विच रीस्टार्ट होईल, त्याच्यावरचे सगळे पोर्ट पडतील. याला सोय म्हणायचं? नव्या आयओएसमध्ये, म्हणजे या स्विचांच्या सॉफ्टवेअरमध्ये, पक्का न केलेला बदल मागे फिरवणारा रिव्हर्ट टायमर आलाय, पण कॉन्फिगच्या जुन्या प्रती ठेवणारं आर्काइव्ह आधी चालू करून ठेवलेलं असेल तरच. मुळात कोणी चालू करून ठेवलेलं नसतं!

व्हीलॅनची यादी एका स्विचवरून बाकीच्यांना आपोआप पोचवणाऱ्या व्हीटीपीबद्दल तर बोलायलाच नको. कपाटातला जुना स्विच काढून नेटवर्कला जोडला, डोमेनचं नाव आणि पासवर्ड जुळला आणि त्याचा रिव्हिजन नंबर (यादी किती वेळा बदलली त्याचा आकडा) जास्त निघाला, तर बाकीचे सगळे स्विच आपली व्हीलॅनची यादी टाकून त्याची उचलतात. तो क्लायंट मोडमध्ये, म्हणजे स्वतः यादी बदलू न शकणारा, असला तरी! तिसऱ्या आवृत्तीत हे आवरलं, पण कारखान्यांत अजून पहिली-दुसरीच चालू आहे.

बजेट नाही म्हणून ब्राउझरमधून चालवायचे वेब स्मार्ट स्विच घेतले की त्रासाची तऱ्हा बदलते, एवढंच. पीसीचा पोर्ट ३० नंबरच्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड, म्हणजे नंबराचा टॅग न लावता, टाकला एका पानावर. पीव्हीआयडी, म्हणजे पोर्टवर आत येणारं कुठल्या व्हीलॅनमध्ये जाईल तो नंबर, दुसऱ्या पानावर, आणि तो तसाच १ राहतो. म्हणजे स्विचमधून पीसीकडे जाणारं ३० चं, पीसीकडून येणारं १ मध्ये. नेटवर्कचा पत्ता मागणाऱ्या डीएचसीपीला उत्तर मिळत नाही, पीसी १६९.२५४ चा कामचलाऊ पत्ता घेऊन बसतो आणि हेल्पडेस्क केबल बदलत बसतं. अरे, अनटॅग्ड पोर्टला एकच व्हीलॅन आहे तर पीव्हीआयडी तोच ठेवायला काय जातं तुमचं? निदान लाल अक्षरांत दाखवा तरी! वरून ‘अप्लाय’ वेगळं आणि ‘सेव्ह’ वेगळं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं साफ.

व्हीलॅनचं ८०२.१क्यू हे स्टँडर्ड १९९८ चं. तारेवरून जाणाऱ्या प्रत्येक फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या तुकड्यात, चार बाइटचा टॅग, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबरचे, वापरायला ४०९४ नंबर. कल्पना सोपी आणि सुंदर आहे, आजही तितकीच कामाची. कॅमेरे, फोन, पाहुण्यांचं वायफाय, अकाउंट्स हे सगळं एकाच तारेवर वेगळं ठेवता येतं. पण इतक्या वर्षांत तिच्यापर्यंत पोचायचा रस्ता कोणी साफ केला नाही. सिस्कोच्या स्विचांवर १००२ ते १००५ हे नंबर अजून एफडीडीआय आणि टोकन रिंगसाठी अडवून ठेवलेत, डिलीट करू देत नाहीत. मेलेल्या तंत्राची जागा राखायला यांच्याकडे वेळ आहे, जिवंत माणसाला ‘मॅनेजमेंट व्हीलॅन तुटतोय, नक्की?’ एवढं विचारायला नाही.

खरेदीवाल्यांनो, पुढच्या टेंडरमध्ये पोर्ट आणि वॉरंटीच्या खाली एक अट घाला: कनेक्शन तुटल्यास बदल आपोआप मागे फिरला पाहिजे, आणि ही सोय डबा उघडल्यापासून चालू पाहिजे. आणि प्लांट हेडसाहेब, त्या पोराचा मेमो आधी मागे घ्या.