समुद्राखाली तेलाचं तळं नाही

जुलै संपत आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या कट्ट्यावर सगळे भेटतात. १ जूनपासून मासेमारी बंद, जाळी दुरुस्त करून झालेली, आणि १ ऑगस्टला डिझेल किती भरायचं हीच काळजी. परवा बंड्या तळव्याला चिकटलेलं डांबर खोबरेल तेल लावून काढत होता. पावसाळ्यात असे डांबराचे गोळे वाळूत येतातच.

"मुंबई हायला खाली तेलाचं तळंच आहे," तो म्हणाला. "एवढं दारात असून डिझेल महाग का?"

तळं नाही रे. मुंबई हाय हे अरबी समुद्रातलं तेलक्षेत्र. तिथे खाली चुनखडीचा खडक आहे आणि जांभ्यात पाणी मुरतं तसं तेल त्याच्या छिद्रांत आहे. वरचा घट्ट थर त्याला निसटू देत नाही. झाडपाला, सूक्ष्म जीव गाळात गाडले गेले, प्राणवायू मिळाला नाही म्हणून पुरते कुजले नाहीत. दोन-चार किलोमीटर खोलीवर, साधारण ६० ते १२० अंश उष्णतेत लाखो वर्षं राहिले तेव्हा त्यांचं तेल झालं. त्याहून तापलं की वायू. आपला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मुंबई हायचं तेल देणारा गाळ त्याच्या नंतर साचलेला.

दाजींनी लगेच पकडलं. "म्हणजे अजूनही बनत असणार. आपण काढतो, खालून भरतं."

बनतं, पण ज्याला लाखो वर्षं लागतात ते आपण पन्नास वर्षांत उपसतोय. १९७४ मध्ये तिथे तेल लागलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. काढत गेलं की खडकातला दाब उतरतो, म्हणून पाणी आत दाबून तेल पुढे ढकलावं लागतं. तरी बहुतेक तेलक्षेत्रांत निम्म्याहून अधिक तेल खडकातच राहतं. तिथलं तेल देशाला पुरत नाही. ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं. बंड्याच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर यात आहे.

"आणि लिटरभर डिझेल जाळलं की अडीच किलोवर कार्बन डायऑक्साइड निघतो," मी म्हटलं.

दाजी उसळले. "लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत नाही!"

बरोबर आहे, पण जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो. वाढीव वजन त्याचं. दाजी गप्प झाले, पटलं असं मात्र वाटलं नाही.

इतका वेळ ऐकत बसलेला, बोट चालवणारा तांडेल तेव्हा बोलला. "मग बोट काय वल्ह्यांवर नेऊ? पूर्वी किनारा दिसायचा तिथं मासळी मिळायची. आता रात्रभर इंजिन चालवून जावं लागतं."

माझ्या मते खरी गोष्ट हीच. डिझेलचा खर्च पंपावर ठरतो तेवढाच मासळी किती लांब गेली यावरही ठरतो. बारीक आसाची, म्हणजे लहान भोकांची, जाळी लावून जवळची पिल्लं आपणच खरवडली. ती वाढू दिली तर इंजिनाचे तास कमी होतील. दुसरा कुठलाही उपाय मला याच्याइतका आपल्या हातातला वाटत नाही.

"प्रत्येक फेरीचं डिझेल आणि मासळी मच्छीमार सोसायटीत लिहून ठेवूया," मी सुचवलं. "वर्षभरात कळेल."

तांडेल म्हणाला, "डिझेल लिहितो. मासळी कुठं मिळाली ते नाही सांगणार."

यावरून पुन्हा वाद पेटला, आणि तेवढ्यात सर आली.