‘मूळ पुराणाची वाट लावली’ म्हणता, पण मूळ पुराण उघडलंय का?

थॉर म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स पुराणातला मेघगर्जनेचा देव. मार्व्हलचा त्याच्यावरचा कुठलाही सिनेमा लागला की नेटवर प्रतिक्रियांत तेच ठरलेलं वाक्य येतं : ‘नॉर्स पुराणाची पार वाट लावली, देवाचा विदूषक करून ठेवला.’ आणि त्याला शेकड्यांनी अंगठे! डोकं सणकतं. सिनेमा आवडला नाही? सरळ तसं म्हणा, तुमचा हक्क आहे. पण ज्या पुराणाच्या नावाने गळा काढताय, त्याचं एक पान तरी उलटलंय का?

सगळ्यात जास्त शिव्या पडतात त्या २०२२च्या ‘थॉर : लव्ह अँड थंडर’ला. ग्रीक देवराज झ्यूस थॉरला भर सभेत नागडा करतो, त्या बकऱ्या किंचाळत राहतात, दर दोन मिनिटांनी पाचकळ विनोद. ‘देव असा असतो का?’ अहो, असतो! तेराव्या शतकातल्या ‘कोडेक्स रेगियस’ या आइसलँडी हस्तलिखितात ‘थ्रिम्सक्विदा’ नावाचं काव्य आहे. थ्रिम नावाचा राक्षस थॉरचा हातोडा चोरतो आणि तो परत द्यायचा तर फ्रेया देवी बायको म्हणून हवी, असं बजावतो. फ्रेया भडकते. मग हेमडाल हा देव युक्ती सुचवतो की थॉरलाच नवरी करून पाठवा. थॉर नवरीच्या वेशात, तोंडावरून पदर, गळ्यात फ्रेयाचा हार, शेजारी दासी झालेला कपटी लोकी. पंगतीत ही नवरी एक अख्खा बैल, आठ सामन मासे आणि तीन पिंपं मद्य संपवते. थ्रिम चकित होतो, तेव्हा लोकी सांगतो, बाईसाहेब तुमच्या ओढीने आठ रात्री उपाशी आहेत! शेवटी विधीसाठी हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवतात आणि थॉर तिथल्या तिथे सगळ्या वऱ्हाडाची कत्तल करतो. विनोदी थॉर कुठल्या दिग्दर्शकाने शोधलेला नाही, तो पुराणातच आहे.

बकऱ्यांचंही तेच. थॉरचा रथ दोन बोकड ओढतात. रात्री तो त्यांनाच कापून शिजवतो, हाडं कातड्यावर जपून ठेवायला लावतो आणि सकाळी हातोडा फिरवून त्यांना जिवंत करतो. एकदा एका शेतकऱ्याच्या पोराने मगजासाठी मांडीचं हाड फोडलं आणि सकाळी बोकड लंगडत उठला. भरपाई म्हणून तो पोरगा आणि त्याची बहीण कायमचे थॉरच्या चाकरीत गेले. हे सगळं स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडी लेखकाने १२२०च्या सुमारास लिहून ठेवलंय. आणि तोही ख्रिस्ती माणूस होता, आइसलँडने धर्म बदलून दोनशेहून जास्त वर्षं झाली होती. तेव्हा ‘शुद्ध मूळ’ म्हणून छाती पिटण्याआधी एवढं तरी माहीत असू द्या.

चीड याची येते की या आरडाओरड्यात सिनेमाची खरी चूक कुणी बोलतच नाही. पुराणातल्या हशाखाली भीती असते. उत्गार्द या राक्षसांच्या गढीत थॉर शिंगातलं मद्य संपवू शकत नाही, मांजर उचलू शकत नाही, एका म्हातारीकडून कुस्तीत हरतो, आणि मग कळतं की शिंगाचं टोक समुद्रात होतं, मांजर म्हणजे पृथ्वीला वेढणारा सर्प होता आणि म्हातारी म्हणजे साक्षात म्हातारपण. ‘लव्ह अँड थंडर’मध्ये विनोदाखाली असं काही उरतच नाही. खलनायक गोर हा ‘देवांचा कसाई’ आणि ख्रिश्चन बेलसारखा नट हाताशी, पण त्याने पडद्यावर मारलेला देव किती? सुरुवातीचा रापू, एवढाच. फॅलिगार या दुसऱ्या देवाचं नुसतं प्रेत दिसतं. बाकीच्या हत्या ऐकून घ्यायच्या. मग त्याची दहशत बसणार कशी? कॉमिकमध्ये थॉरची प्रेयसी जेन कर्करोगाने आजारी असताना हातोडा उचलते, तेव्हा हातोडा केमोचं औषधही विष समजून शरीराबाहेर फेकतो, म्हणजे दर वेळी थॉर व्हायचं तर उपचार पुन्हा शून्यावर. केवढी ताकदीची कल्पना! सिनेमाने ती ‘हातोडा तिची शक्ती शोषतोय’ एवढ्यावर उरकली आणि लगेच पुढचा विनोद. सावल्यांच्या प्रदेशातला तो रंग उडालेला प्रसंग बघा, गोर तिथे खरोखर भीतीदायक आहे. दोन तासांच्या आतबाहेरच्या सिनेमात असे आणखी दोन प्रसंग का बसू नयेत? भांडायचं तर यावर भांडा.

दुसरी जमात टक्केवारीवाल्यांची. ‘रॉटन टोमॅटोज या समीक्षा गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर साठ-पासष्ट टक्के, म्हणजे सुमार.’ नाही हो! तो आकडा गुणांचा नाही, चांगलं म्हणणाऱ्या समीक्षकांच्या प्रमाणाचा आहे. शंभरच्या शंभर समीक्षकांनी दहापैकी सहा दिले तरी तिथे शंभर टक्के दिसतील. सिनेमास्कोअर त्याहून वेगळा, अमेरिकेत पहिल्या रात्री थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून काढलेला. त्यात २०१३च्या ‘थॉर : द डार्क वर्ल्ड’ला ए मायनस आणि २०११च्या पहिल्या ‘थॉर’ला बी प्लस! कारण पहिल्या रात्री येतात ते मुळातच चाहते. लोकांचं खरं मत बघायचं असेल तर दुसरा शनिवार-रविवार बघा. ‘लव्ह अँड थंडर’ने अमेरिकेत पहिल्या वीकेंडला सुमारे १४४ दशलक्ष डॉलर कमावले, दुसऱ्याला जेमतेम ४६. दोन तृतीयांशाहून मोठी घसरण. बघून आलेल्यांनी दुसऱ्यांना काय सांगितलं ते यात दिसतं.

तिसरी जमात उलटी : सिनेमालाच पुराण मानणारी. पुराणात लोकी थॉरचा भाऊ नाही, तो थॉरच्या बापाचा, ओडिनचा, रक्तमिश्रण करून झालेला भाऊ. लाउफे त्याची आई, सिनेमात तिचा राक्षसराजा बाप केलाय. मृतांची राणी हेल ही सिनेमातल्यासारखी ओडिनची नाही, लोकीची मुलगी, आणि फेनरिर लांडगा तिचा सख्खा भाऊ, जो २०१७च्या ‘थॉर : रॅग्नारोक’ सिनेमात तिचा पाळीव प्राणी झाला. ‘लायक असेल तोच हातोडा उचलेल’ हे १९६२ साली कॉमिकवाल्यांनी घातलेलं कलम. आणि हेमडालच्या भूमिकेत कृष्णवर्णीय नट इद्रिस एल्बा दिसल्यावर ‘पुराणाचा अपमान’ म्हणून बोंबलणाऱ्यांना थॉरची सागांमधली, म्हणजे जुन्या आइसलँडी कथांमधली, लाल दाढी कुठे गेली, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. तिथे गोरा, देखणा, सोनेरी केसांचा चालतो!

आपल्याकडे ‘थॉर म्हणजे इंद्राची कॉपी’ म्हणणारे वेगळेच. साम्य आहे, अभ्यासकांनी ते केव्हाच नोंदवलंय : दोघेही मेघगर्जनेचे देव, हातात न चुकणारं शस्त्र, समोर महासर्प. पण इंद्र देवांचा राजा आहे, थॉर नाही, तिथे राजा ओडिन. इंद्र वृत्राला मारून पाणी मोकळं करतो आणि जगतो. थॉर सर्पाला मारतो, नऊ पावलं चालतो आणि विषाने मरतो. ही नक्कल नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त पंधरा ऋचांचं आहे, अर्थासकट दहा-पंधरा मिनिटांत वाचून होतं. ‘कॉपी’ टाइप करायच्या आधी तेवढं वाचा.