गणपतराव, सांगोला आणि टेलचं पाणी: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे आमदार राहिलेल्या गणपतराव देशमुखांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'आरती' म्हटलंत. ते कायम विरोधी बाकावर होते हे चूक, अकरा वेळा आमदार होऊनही सांगोला दुष्काळीच राहिला आणि शेवटी तिकीट घरातच गेलं, असे तुमचे तीन आक्षेप.

पहिला सरळ मान्य. 1978 च्या, शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात आणि 1999 नंतर विलासरावांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. लिहिण्याच्या भरात मी ते गाळलं. दुरुस्ती केली आहे.

दुसऱ्यावर मात्र मी भांडणार. सांगोल्यात पाऊस कमी, माण नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी आणि निरा उजव्या कालव्याचं हे शेवटचं टोक. टेलचं पाणी म्हणजे काय, ते मी मामाच्या बांधावर उभं राहून पाहिलंय. पाळी आली की चारीत, म्हणजे कालव्यातून शेताकडं येणाऱ्या छोट्या पाटात, घोट्याएवढं पाणी येतं. वर कुणी दार उघडलं की तेही आटतं. मग मामा रात्री बॅटरी घेऊन चारीच्या कडेनं वरपर्यंत चालत जायचा. अशा तालुक्याला आमदाराच्या एका पत्रानं पाणी मिळत नाही. कृष्णेचं पाणी उपसून चढावर आणावं लागतं, आणि सरकार कुणाचंही असो, वर्षानुवर्षं त्याच्या मागं लागावं लागतं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर आटपाडीची पाणी परिषद गणपतरावांनी त्यासाठीच लावून धरली. टेंभू, म्हैसाळ या कृष्णेवरच्या उपसा योजनांचं पाणी उशिरा आलं, पुरेसं आलं नाही, हे खरंच आहे. पण सांगोल्यापुरती मागणी न करता शेजारच्या जिल्ह्यांतले दुष्काळी तालुके त्यांनी सोबत घेतले. स्वतःच्या मतदारसंघापुरतं बघणाऱ्या आमदाराला हे सुचत नाही.

आणि मतदार काही डोळे झाकून शिक्का मारत नव्हते. 1962 ला निवडून दिलेल्या माणसाला त्यांनी 1972 मध्ये पाडलं. 1995 मध्ये पुन्हा पाडलं, अवघ्या 192 मतांनी. तेव्हा शेकाप आक्रसत चालला होता, दुसऱ्या पक्षात जायला कारण पुरेसं होतं. ते गेले नाहीत. 1999 ला त्याच पक्षातून उभे राहिले आणि जिंकले, पुढं 2014 पर्यंत जिंकत राहिले.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. 2019 ला वयामुळे ते थांबले, उमेदवारी नातवाला मिळाली आणि शेकापची ती जागा 768 मतांनी गेली. 2024 मध्ये दुसऱ्या नातवानं ती परत आणली, पण त्यानं तुमचा प्रश्न मिटत नाही. उभी हयात लाल बावटा खांद्यावर घेऊन गावोगाव फिरलेल्यांपैकी कुणाचं तरी नाव पुढं यायला हवं होतं. हे मी तेव्हा मित्रांत बोललो होतो, लेखात लिहायला धजलो नाही. तो परिच्छेद आज जोडतो आहे.