कॅमेरा डोळे मोजेल, तास कोण मोजणार?

समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटली आणि २५ प्रवासी गेले. त्या अपघाताच्या कारणाबद्दल वेगवेगळे दावे झाले. पण तेव्हापासून महाराष्ट्रातल्या चर्चेत एक मागणी सारखी येते: चालकासमोर कॅमेरा लावा, डोळा लागला की भोंगा वाजेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेही मार्च २०२५ मध्ये मसुदा काढून मोठ्या बस आणि ट्रकसाठी अशी यंत्रणा २०२६ पासून सक्तीची करण्याचा प्रस्ताव मांडला.

‘युरोपात हे सगळीकडे आहे, मग आपल्याकडे का नाही?’ हा प्रश्न या चर्चेत ठरलेला. मी जर्मनीत राहतो, म्हणून त्याचं उत्तर देतो. आहे, हे खरंच. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदणी होणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत, बसमध्ये आणि ट्रकमध्ये डुलकीची सूचना देणारी यंत्रणा लागते. पण चालकाने सलग किती वेळ गाडी चालवायची याचा नियम इथे १९६९ चा आहे. ते तास नोंदणाऱ्या टॅकोग्राफचा नियम १९७० चा. डुलकीची यंत्रणा सक्तीची झाली ती त्यानंतर पन्नास वर्षांनी. आपल्याकडे शेवटची गोष्ट आधी आणि आधीच्या दोन गोष्टींची अंमलबजावणी कधीतरी, असा क्रम लागू पाहतो आहे, आणि माझी हरकत त्याला आहे.

कॅमेरा कामाचा आहे. स्टीअरिंगच्या मागे किंवा समोरच्या काचेलगतच्या खांबावर बसवलेला हा लहानसा कॅमेरा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात बघतो. त्याचे एलईडी ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे असले तर चालकाला काही दिसत नाही. ८५० चे असले तर अंधारात लालसर ठिपका रात्रभर समोर खुपत राहतो, आणि मग चालक त्यावर चिकटपट्टी लावतो. यंत्र दोन पापण्यांमधलं अंतर मोजत असतं. साधी उघडझाप सेकंदाच्या एक ते चार दशांशात होते. ती लांबू लागली, आणि गेल्या मिनिटातला बराचसा वेळ डोळे ऐंशी टक्के किंवा जास्त मिटलेले निघाले, की यंत्र झोप आली असं धरतं. जांभई आणि मान पडणं या दुय्यम खुणा. मान पडेपर्यंत वाट बघणारं उपकरण घेऊ नये: ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकीत ६६ मीटर.

हे फसतं कुठे, तेही सांगायला हवं. काही गॉगल अवरक्त प्रकाश अडवतात, मग यंत्राला डोळाच दिसत नाही. चष्म्याच्या काचेवर एलईडीची चमक नेमकी बुबुळावर येते. मुळात बारीक डोळ्यांच्या माणसाला यंत्र सारखं झोपाळू ठरवतं. थंडीत नाकापर्यंत मफलर आला की यंत्र चेहऱ्यावरच्या ज्या खुणा धरतं त्यातल्या अर्ध्या गेल्या. कॅमेरा खाली बसवला तर वळणावर स्टीअरिंगची कडा आड येते. एक चालक उतरून दुसरा बसला आणि सीट मागेपुढे झाली, की यंत्राने नव्या चेहऱ्याशी पुन्हा जुळवून घ्यायला हवं. बाजारातल्या स्वस्त उपकरणांत ते बसवताना एकदाच होतं. ज्याला वेग फक्त जीपीएसवरून कळतो ते उपकरण इगतपुरीच्या आठ किलोमीटरच्या बोगद्यात गाडी उभी आहे असं समजून गप्प बसू शकतं. वेग गाडीच्या स्वतःच्या वायरिंगमधून घेतला पाहिजे. खोटे भोंगे तासाला चार वाजले की चालक फ्यूज काढतो, आणि त्यात त्याची चूक मला दिसत नाही.

खरा भोंगा तरी काय देतो? काही मिनिटं. चालक दचकतो, तोंडावर पाणी मारतो, काच खाली करतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तसाच. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाची सावधता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी घसरते, आणि त्यात पहाटे दोन ते सहाची वेळ आली की शरीर झोप मागतंच. त्यावर इलाज झोपेचाच. गाडी सुरक्षित जागी उभी करून आधी चहा किंवा कॉफी, लगेच पंधरा-वीस मिनिटं झोप, कारण कॅफीन चढायला साधारण अर्धा तास लागतो. मग सुस्ती उतरायला आणखी दहा-पंधरा मिनिटं. हा पाऊण तास चालकाला कोण देणार, यावर सगळं अडतं.

इथे जर्मनीत हा पाऊण तास कायदाच देतो. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं विश्रांती, दिवसाला नऊ तास (आठवड्यातून दोनदा दहा), पंधरवड्यात ९० तास. टॅकोग्राफ हे नोंदतो आणि तपासणीत चोरी निघाली तर वाहतूक कंपनीही जबाबदार धरली जाते. अंतरावर किंवा किती लवकर पोचलं यावर बक्षीस द्यायलाही, त्याने सुरक्षितता धोक्यात येत असेल तर, बंदी आहे. आपल्याकडेही १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आठ तासांचा दिवस, ४८ तासांचा आठवडा आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगत होता (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली). पण तास मोजणारं यंत्र नाही आणि भत्ता फेरीमागे. नितीन गडकरींनी २०२१ मध्ये ट्रकचालकांसाठी ठरावीक तास आणि डुलकी ओळखणारी यंत्रणा, दोन्ही एकत्र मांडलं होतं. चर्चेत उरली ती यंत्रणा.

चित्रण कुणाकडे जातं, हा प्रश्न आपल्याकडच्या चर्चेत जवळजवळ येतच नाही. इथल्या नियमानुसार डुलकीच्या यंत्रणेतली माहिती गाडीतच राहायची, बाहेर कुणाला द्यायची नाही. कामगारांवर नजर ठेवू शकेल असं कोणतंही यंत्र बसवायचं, तर जिथे कामगारांचं निवडून आलेलं मंडळ आहे तिथे जर्मन कंपनीला त्याची संमती लागते. भारताच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ मात्र नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरू देण्याची सोय ठेवतं. डुलकीची नोंद पगार कापायला वापरली गेली, की चालक ती नोंद होऊ न देण्याचेच मार्ग शोधेल.

जर्मनीत सगळं सुरळीत आहे असं नाही. रात्री महामार्गालगतच्या वाहनतळांवर ट्रकना जागा पुरत नाही, तास संपलेले चालक बाहेर पडायच्या वळणावरच गाडी लावतात, आणि चुंबक लावून टॅकोग्राफ फसवणारेही सापडतात.

म्हणून महाराष्ट्रात खासगी बसच्या परवान्यात कॅमेऱ्याची अट घालायची असेल, तर तिच्याबरोबर तीन ओळी घाला. चालकाचे तास नोंदणारं यंत्र त्याच परवान्यात. एका फेरीत दुसऱ्यांदा भोंगा वाजला तर नियंत्रण कक्षाने पुढच्या थांब्यावर गाडी थांबवायची आणि त्या उशिराचा दंड किंवा भत्त्यातली कपात चालकावर नको. आणि रात्रीच्या लांब फेरीत दुसरा चालक असेल तर त्याला डिक्कीत नाही, बसच्या आत, पट्टा असलेला, पाय पसरता येईल असा बर्थ.