ताम्हिणीत गाडी हाणायचीय? मग हे वाचाच

पाऊस लागला, म्हणजे ताम्हिणी घाट आता तुमचा. गेल्या रविवारी तिथे एका तज्ज्ञ मंडळाकडून मला फुकटात शिकवणी मिळाली. ज्ञान दिल्याने वाढतं म्हणतात, तेव्हा घ्या.

सगळ्यात आधी सायलेन्सर. कंपनीने दिलेला काढून घरी माळ्यावर टाका. तो आवाज कमी करतो, आणि आवाजच कमी करायचा तर हजार सीसीची गाडी घेतली कशाला? चांदणी चौकात तुम्ही गिअर टाकलात की पौडमधल्या म्हातारीने दचकून उठायला हवं. पोलीस अधूनमधून असले फटाका सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावर रोलर फिरवतात आणि फोटो काढतात. रोलर घाट चढून येत नाही. निश्चिंत असा.

निघा मात्र पहाटे. त्या वेळी घाटात माणसांची वर्दळ नसते. जी असते ती चार पायांची, दहा पायांची नाहीतर बिनपायांची, आणि ती पौड ठाण्यात तक्रार द्यायला जात नाही.

हेल्मेटवर कॅमेरा लावायला विसरलात तर तुम्ही घाटात गेलाच नव्हता.

या जंगलाला २०१३ साली अभयारण्य म्हणून जाहीर केलंय, त्याचं दडपण घेऊ नका. ‘हॉर्न वाजवू नये’ असं अभयारण्यात सांगतात. तुम्ही हॉर्न कुठे वाजवता? नियम पाळल्याचं समाधान तेवढंच. शेकरूचीही काळजी नको. ते फांदीवरून फांदीवर जातं, खाली सहसा उतरतच नाही. राज्यप्राणी आहे, तुमच्यासारख्यांना ओळखून असणार.

आता खरी विद्या : चालता रस्ता रिकामा कसा करायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सविस्तर सांगतो. कोंडेथरच्या वरच्या अंगाला, सकाळी पावणेसातला, आईला घेऊन कडेला गाडी लावून उभा होतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. तिला शीळकरी कस्तूर हा पक्षी ऐकायचा होता. एखादं पोर शाळा बुडवून उगाच शीळ घालत रानात हिंडावं, तशी त्याची शीळ असते. ती ऐकायला पहाटेच यावं लागतं. पाच मिनिटं ऐकला असेल-नसेल, तेवढ्यात वळणावरून एक पोरगा आला. अंगात कातडी जाकीट, हातात वॉकीटॉकी.

“काका, गाडी आणखी आत घ्या ना. रन चालूये.”

“कसला रन?”

“टायमिंग लावतोय. वर एक जण आहे, खाली मी. दहाच मिनिटं.”

म्हणजे हा खालून येणाऱ्या गाड्या अडवणार, वरचा वरून येणाऱ्या, आणि मधल्या वळणांवरून बारा जण एकेक करून घड्याळ लावून सुटणार. रस्ता सरकारी, घाट अभयारण्यातला आणि परवानगी याच्या वॉकीटॉकीची! तेवढ्यात मागच्या झाडीत कस्तूर पुन्हा बोलला, तर हा गडी केवढ्याने दचकला. त्याला हवालदाराची शिट्टी वाटली. त्या सकाळची करमणूक ती तेवढीच.

मग त्याने माणगावकडून येणारी एसटी अडवली. होय, एसटी! खिडकीशी एक बाई मांडीवर तापलेलं पोर घेऊन बसली होती, पुण्याला दवाखान्यात निघालेली. कंडक्टरने खाली उतरून विचारलं, “कोण रे तू?” उत्तर आलं, “सेफ्टीसाठी आहे, दादा.” सेफ्टी! पोराला ताप चढलाय आणि एका जाकीटवाल्याने बस थांबवलीय, का, तर कुणाला तरी मागच्या रविवारपेक्षा चार सेकंद कमी हवीत. ती चार सेकंद कुणाला विकणार आहात? ड्रायव्हरने शेवटी हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही, तशीच गाडी पुढे काढली. मी त्या ड्रायव्हरला मनातल्या मनात नमस्कार केला. कस्तूर अर्थात उडून गेला.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ आहे. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी करता येत नाही. घाबरू नका. पूर्वी दंड ५०० रुपयांपर्यंत होता, २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद झाला. तुमच्या मागच्या टायरची किंमत याहून जास्त असते. तेव्हा दंड म्हणजे पेट्रोलच्या खर्चात धरायची बाब.

चार बाय चार जीपवाल्यांनी ओढ्यात उतरावं. ओढ्याच्या काठच्या मातीत बोगदा करून तिबोटी खंड्या याच दिवसांत पिल्लं काढतो. रायगडचा जिल्हा पक्षी आहे म्हणे. असेल, पण चिखल उडवलेला व्हिडिओ त्याच्यापेक्षा रंगीत येतो.

मंडळी गेल्यावर आम्ही रस्त्यावरून थोडं चाललो. एक चिंबोरी, म्हणजे खेकडा, चिरडलेली होती. पावसाच्या सुरुवातीला त्या रस्ता ओलांडतात, हे इथल्या कुणालाही माहीत असतं. मादी होती. पोटाखालची झडप उघडी पडली होती आणि तिच्यात मोहरीएवढी पिल्लं, काही अजून हलत होती. कवचावर टायरच्या नक्षीचा ठसा इतका स्वच्छ की कंपनी ओळखता यावी. आईने छत्रीच्या टोकाने ती हळूच कडेच्या पाण्याकडे सरकवली. काही वाचली असतील, नसतील.

आता सल्ले पुरे झाले. अरे, वेगाची एवढीच हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे, कोइम्बतूरला आहे. लांब वाटतं? याच मुळशी-लोणावळ्याच्या डोंगरात अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर रीतसर ड्रॅग रेस झालेल्या आहेत. तिथे पैसे भरावे लागतात, गाडी तपासून घ्यावी लागते, रुग्णवाहिका उभी असते आणि तुमच्यापेक्षा चांगला चालवणारा शेजारी असतो. खरं दुखणं हे शेवटचंच. घाटात तुम्हाला हरवायला कोण आहे? एसटी, दुधाची किटली लावलेला गाववाला आणि चिंबोरी. यांना मागे टाकून शूर होता? लाज नाही वाटत? आणि ‘आम्ही निसर्गप्रेमी रायडर’ असं गाडीच्या टाकीवर चिकटवता!

परत निघताना आई म्हणाली, “एकदा ऐकू आला ना, पुष्कळ झालं.” पुष्कळ झालं नाही. येत्या रविवारी मी तिला घेऊन परत त्याच वळणावर येणार आहे. या वेळी गाडी आत घेणार नाही. करून दाखवा हात आडवा.